साडूंच्या यंत्राची कॉफी

दाताच्या डॉक्टरांनी दवाखान्यातला छोटा आरसा आणला, कपाळाला दिवा लावला आणि ओट्यावर ठेवलेल्या कॉफीच्या यंत्राच्या तोंडात खालून वर डोकावून पाहिलं.

"मागच्या बाजूला बरंच साचलंय," ते म्हणाले.

"तो पेशंट नाहीये," त्यांची बायको म्हणाली. उभी हयात शाळेत शिकवण्यात गेल्यामुळे सगळी गल्ली तिला बाई म्हणायची, आणि घरात डॉक्टरही तेच म्हणायचे.

"कित्येक दिवसांत कोणी साफ केलेलं दिसत नाही."

"कोण करणार? भावोजी गेल्यापासून खोक्यातच होतं."

यंत्र बाईंच्या थोरल्या बहिणीकडून, ताईंकडून आलं होतं. ताईंचे यजमान, म्हणजे डॉक्टरांचे साडू, जमीन मोजणीच्या खात्यात होते. रोज सकाळी ते या यंत्रावर ताईंसाठी कॉफी करत. कुठेही भेटले की पाच मिनिटांत बोलणं कॉफीवर यायचं. जगात कॉफी करणारे दोनच प्रकारचे, बटण दाबणारे आणि दांडा दाबणारे, असं त्यांचं मत होतं. "कधीतरी आम्हालाही पाजा," असं कोणी म्हटलं, तर ते हसून मान हलवायचे. "यातून एका वेळी एकच कप निघतो, आणि तो हिचा." त्यामुळे सगळ्या नात्यागोत्यात ती कॉफी प्रसिद्ध होती आणि ताईंखेरीज कोणीही ती चाखलेली नव्हती. न पाहिलेल्या तीर्थावर ठेवावी, तशी सगळ्यांनी तिच्यावर श्रद्धा ठेवली होती.

साडू गेले आणि ताईंनी घराबाहेर पडणं सोडलं. कॉफीही सोडली. बाई दर आठवड्याला फोन करून बोलवायच्या. कधी ताईंचा गुडघा दुखायचा, कधी कुलूप नीट लागत नसायचं, कधी नुसतंच "बघू गं" व्हायचं. आणि मग गेल्या आठवड्यात एक टॅक्सी दाराशी थांबली. तिच्यात ताई नव्हत्या, हे खोकं होतं. मागोमाग फोन आला.

"डॉक्टरांचा हात हलका आहे म्हणतात. जमलं त्यांना तर कळव. एक कप प्यायला येईन."

फोन ठेवून बाई तडक डॉक्टरांकडे आल्या. वर्षभरात ताई आपणहून "येईन" म्हणाल्या, ते पहिल्यांदाच.

"तुम्हाला हे जमायलाच पाहिजे," त्यांनी डॉक्टरांना सांगितलं.

"न जमायला काय झालं? मी दाताच्या मुळापर्यंत जातो. हे तर भांडं आहे."

भांडं तसं साधंच होतं. खाली पाणी उकळायची पितळी टाकी, तिच्यावर वाफेचा दाब दाखवणारा काटा, पुढे यंत्राचं तोंड आणि तोंडाच्या वर एक लांब दांडा. कॉफीची पूड मूठ लावलेल्या, बारीक छिद्रांच्या वाटीत भरायची. वाटी तोंडाला अडकवायची. दांडा वर उचलला की गरम पाणी पुडीवर पडतं. ती भिजेपर्यंत जरा थांबायचं, मग दांडा खाली दाबायचा आणि खालच्या कपात कॉफी उतरते. खोक्यात माहितीपत्रक नव्हतं. साडूंना सगळं तोंडपाठ होतं.

डॉक्टरांनी आधी यंत्राचे कानेकोपरे आपल्या हत्यारांनी खरवडून लख्ख केले. मग कॉफी दळली, अगदी पावडर होईपर्यंत. मग ती वाटीत भरू लागले. आधी एक पातळ थर घातला, तो कडेकडेने ठोकळ्याने दाबला, त्यावर दुसरा थर, तोही दाबला. जीभ दातांत धरून ते काम करत होते.

बाईंनी वाकून पाहिलं. "इतकं ठासून भरलं, तर पाणी जाणार कुठून?"

"फट ठेवून चालत नाही."

"का?"

"फट राहिली की आत जातं ना सगळं."

"आत जायलाच पाहिजे ना पण?"

डॉक्टर क्षणभर थांबले. पण तीस वर्षं ज्या हाताने दाढा भरल्या, त्या हाताला मध्येच दुसरं काही पटवून देणं अवघड असतं. त्यांनी शेवटचा थर दाबला, वरून बोट फिरवलं आणि वाटी अडकवली. दांडा वर उचलताना सवयीने बोलून गेले, "दुखलं तर हात वर करा."

"केलाय त्याने," बाई म्हणाल्या.

थोडं थांबून डॉक्टरांनी दांडा खाली दाबला. तो हलला नाही. जोर लावला, तर यंत्रच ओट्यावरून सरकलं. बाईंनी दोन्ही हातांनी टाकी धरली, ती तापलेली असल्यामुळे सोडली, मग टॉवेल घेऊन पुन्हा धरली. डॉक्टरांनी अंगाचा सगळा भार दांड्यावर घातला. कप कोरडाच.

"येतंय का काही?"

"एक थेंब लोंबतोय. पण पडायचा विचार दिसत नाही त्याचा."

तो थेंब पाहायला डॉक्टर जरासे पुढे झुकले आणि घामेजलेला तळवा सटकला. आतला सगळा दाब घेऊन दांडा उसळला आणि खालून डॉक्टरांच्या हनुवटीवर बसला. टक्कन आवाज झाला. तो आवाज कसला, हे त्या घरात कोणाला समजावून सांगायची गरज नव्हती.

डॉक्टरांनी तळहातावर पाहिलं. समोरच्या दाताचा टवका.

"अगं," ते म्हणाले, आणि गेलेल्या टवक्याच्या जागेतून वारा शिट्टीसारखा वाजला.

"बघू. बघू दे मला. काही नाही, कोपराच गेलाय." बाई घाबरल्या होत्या, पण शाळेतल्या आवाजात बोलत होत्या. "आधी ते बंद करा. ती वाटी काढा बाहेर आणि ओता ते सगळं."

डॉक्टरांनी मूठ फिरवली. वाटीच्या मागे कोंडलेल्या वाफेला मघापासून हाच रस्ता हवा होता. फाट्कन आवाज झाला आणि डॉक्टरांनी थर देऊन भरलेली सगळी कॉफी एका दमात बाहेर आली. देवाच्या कृपेने दोघं बाजूला होते, कोणाला भाजलं नाही. बाईंच्या चष्म्याच्या काचा तेवढ्या तपकिरी झाल्या. छतावर एक मोठा डाग आणि त्याभोवती लहान लहान ठिपके उमटले.

"खंड आणि बेटं," वर बघत बाई म्हणाल्या. त्या भूगोल शिकवायच्या.

आपला दात आपल्याला भरता येत नाही, ही दाताच्या डॉक्टरांची जुनी अडचण. गावात दाताचा दुसरा दवाखाना एकच, तोही नेमका रस्त्याच्या पलीकडे समोरासमोर. तिथली डॉक्टरीण एकेकाळी यांच्याच हाताखाली काम करायची. तिने स्वतःची पाटी लावली, त्या दिवसापासून डॉक्टरांनी त्या बाजूच्या खिडकीचा पडदा उघडलेला नव्हता.

"मी नाही जाणार," डॉक्टर म्हणाले. शिट्टी वाजली.

"आज चार पेशंट आहेत तुम्हाला. दात तुटलेला डॉक्टर बघून ते काय म्हणतील?"

डॉक्टर तोंडावर रुमाल धरून रस्ता ओलांडून गेले. डॉक्टरिणीने त्यांना पाहिलं, एक शब्द न बोलता खुर्चीवर बसवलं, तोंडात कापसाचे दोन बोळे आणि एक नळी घातली, आणि मग प्रेमाने विचारलं, "हं सर, कसं काय झालं हे?"

"आँ," डॉक्टर म्हणाले.

"दांडा लागला? कॉफीच्या यंत्राचा?" बाईंनी आधीच फोन केला होता. "लिव्हरचं यंत्र? अय्या, माझ्या मावशीकडे होतं. दळलीत किती बारीक?"

"आँ."

"मग अडकणारच. आणि दाबलीत किती?"

डॉक्टरांनी मूठ घट्ट आवळून दाखवली.

"अहो सर, दाढ भरलीत तुम्ही," डॉक्टरीण म्हणाली. तिचं काम चालूच होतं. नळी काढल्यावर तिने आरसा पुढे केला. दात इतका सुरेख झाला होता, की डॉक्टरांना मनातून वाईट वाटलं. "एक सांगू? जरा भरड दळा. दाबताना एकदाच, सरळ, आणि मग सोडून द्या. आणि दोन दिवस तुम्ही स्वतः कॉफी प्यायची नाही. नवा दात आहे, डाग पडेल. तुम्हीच शिकवलंय हे."

आता नवीनच पेच उभा राहिला. कॉफी करायची, पण चाखायची कोणी? बाईंनी जन्मात कॉफी घेतलेली नव्हती. तरी बहिणीसाठी त्यांनी डोळे मिटून घोट घेतले.

"कशी आहे?"

"कडू."

डॉक्टरांनी पूड आणखी भरड केली. या वेळी दांडा लोण्यातून गेल्यासारखा खाली आला आणि कप क्षणात भरला.

"ही?"

"ही पण कडू."

"पहिलीपेक्षा जास्त की कमी?"

"अहो, कडू म्हणजे कडू. त्यात काय नंबर लावायचे?"

मग डॉक्टरांनी घराला लागून असलेल्या दवाखान्यात थांबलेल्या पेशंटांना कप द्यायला सुरुवात केली. पहिल्या गृहस्थांनी कप हातात धरून भिंतीवर पाहिलं. कॉफी आणि दातांवरचे डाग यांचं मोठं रंगीत चित्र डॉक्टरांनीच तिथे लावलेलं होतं. "ही परीक्षा आहे का डॉक्टर?" त्यांनी हळूच विचारलं आणि कप खुर्चीखाली ठेवून दिला. दुसऱ्या पेशंटबाईंच्या दाढेला भूल दिलेली होती. त्यांनी कप संपवला आणि काहीच चव लागली नाही असं प्रामाणिकपणे सांगितलं. तिसऱ्यांनी आंबट म्हणून तोंड केलं, पण ते कुठल्याही गोष्टीला तसंच करत.

शेवटी बाई उठल्या आणि बंद खिडकीचा पडदा सरकवला. पलीकडे डॉक्टरीण डबा खात बसली होती. बाईंनी कप उंच धरून दाखवला. ती तशीच रस्ता ओलांडून आली.

तिची जीभ तयार होती. घोट घ्यायची, छताकडे बघायची आणि सांगायची. "आंबट. पाणी फार लवकर गेलं." "आता जळकट. दांडा उशिरा दाबलात." "ही बरीये, पण मध्येच हात थांबला तुमचा." डॉक्टरांना गंमत वाटायला लागली. एवढीशी पूड, एवढंसं पाणी, आणि हाताने जे जे केलं ते सगळं तिला जिभेवर वाचता येतंय. ते कॉफी दळायची चक्की एक खूण पुढे न्यायचे, पुन्हा मागे आणायचे. दांड्याखालची पूड कधी रुसते, कधी वाट देते, हे तळव्याला कळायला लागलं. गल्लीत बातमी पसरली, की डॉक्टर आता दात काढायच्या आधी कॉफी देतात, आणि दोन माणसं नुसतीच दात दाखवायला येऊन गेली.

शुक्रवारी संध्याकाळी कपात कॉफी मधाच्या धारेसारखी उतरली. वर दाट सोनेरी साय धरली. डॉक्टरिणीने एक घोट घेतला. मग दुसरा घेतला. मग कप विसळून उपडा ठेवला.

"सर, आता हात लावू नका कशाला."

बाईंनी ताईंना फोन केला.

रविवारी सकाळी ताई आल्या. टॅक्सीतून उतरताना त्यांनी बाईंचा हात धरला आणि रस्ता जसा काही पहिल्यांदाच पाहावा तसा दोन्ही बाजूंना पाहिला. डॉक्टरीणही हजर होती, उगाच, वर्तमानपत्र घेऊन कोपऱ्यात. ताई बाहेरच्या खोलीत खिडकीजवळ बसल्या. डॉक्टर आत गेले आणि शुक्रवारचाच हात जसाच्या तसा पुन्हा चालवला. धार उतरली. साय धरली. त्यांनी कप स्वतः नेऊन ताईंच्या हातात दिला.

ताईंनी घोट घेतला. सगळे बघत होते. त्यांनी आणखी एक घोट घेतला.

"चांगली आहे हो," त्या म्हणाल्या. "छान केलीत." आणि कप बशीत ठेवून खिडकीबाहेर पाहू लागल्या. थोड्या वेळाने म्हणाल्या, "निघू का गं मी? कुलपाचं जरा…"

बाईंनी डॉक्टरांकडे पाहिलं. त्या नजरेत वर्षभराचे फोन होते.

"आणखी एक करतो," डॉक्टर घाईने म्हणाले. "पहिला कप नेहमी जरा… दुसरा चांगला होतो."

ते आत गेले. पूड भरली, वाटी अडकवली, दांडा वर उचलला. आणि तिथेच थबकले. आधीच्या कपात चुकलं काय होतं? हे कळल्याशिवाय पुढे जायचं तरी कसं? ज्याला ठाऊक आहे, त्याला विचारावं म्हणून ते तसेच बाहेर आले.

"ताई, खरं सांगा. साडू कशी करायचे?"

"कशी म्हणजे?"

"आंबटसर? दाट? काय कमी आहे हिच्यात?"

"मला काय माहीत डॉक्टर, मी कधी आत जायचेच नाही. आत आलेलं त्यांना चालायचं नाही. मी आपली बाहेर बसायचे." ताई थोडं हसल्या. "तेच यायचे बाहेर. काहीतरी आठवायचं की लगेच सांगायला. कोणाच्या कुंपणाची मोजणी करताना कुत्रं मागे लागलं, ते. समोरच्याने भिंतीला कसला रंग दिला, ते. एकदा तर नुसतं हे सांगायला आले होते, की आज मला काहीही आठवत नाहीये."

"मग?"

"मग काय, मी म्हटलं, बसा. बसले. कुत्र्याचंच पुन्हा सांगितलं."

डॉक्टरही बसले. ते कुत्रं कुठलं, कुंपणावर साडू चढले कसे आणि उतरले कसे, हे सगळं ताईंनी सांगितलं. उतरायला रात्रपाळीचा पहारेकरी यावा लागला होता. डॉक्टरीण वर्तमानपत्राआड हसत होती. इतक्यात आतून बाईंचा आवाज आला.

"अहो, तुमचा पेशंट हात वर करून उभा आहे केव्हाचा."

डॉक्टर धावले. कपात आधीच काळा थेंब थेंब साचला होता. दांडा दाबला, तर राहिलेलं जळक्या डांबरासारखं उतरलं. सायीचा पत्ता नाही. डॉक्टरीण आत येऊन फक्त वास घेऊन म्हणाली, "ओता."

"ओतू नका," बाहेरून ताई म्हणाल्या. त्या उठून दारात आल्या होत्या. "कसला वास येतोय हा? आणा इकडे."

"ताई, ही बिघडलीये."

"आणा तर."

ताईंनी घोट घेतला. डोळे मिटले. तोंड वेडंवाकडं झालं, खांदे आखडले, आणि मग त्यांनी दुसरा घोट घेतला.

"हीच," त्या म्हणाल्या.

मग बाई हळूच म्हणाल्या, "ताई, भावोजी तुला ही कॉफी द्यायचे?"

"रोज."

"आणि तू प्यायचीस?"

"मग काय करू? एवढं कौतुक त्या यंत्राचं. एवढं ते पितळ घासायचे. बाहेर येऊन उभे राहायचे, मी घोट घेईपर्यंत. आता अशा माणसाला काय सांगायचं?"

"पण आवडायची तुला?"

"छे गं. भयंकर असायची," ताई म्हणाल्या आणि कप शेवटच्या थेंबापर्यंत रिकामा केला. "पुढच्या रविवारी येऊ का मी? लवकर येते. टॅक्सीवाला ओळखीचा झालाय."

त्या गेल्यावर डॉक्टर यंत्राकडे वळले. आठवडाभर एकेक चूक शोधून काढून टाकली होती. आता त्यातली नेमकी एक पुन्हा बसवायची होती. मंगळवारी त्यांनी घड्याळ लावून, दांडा वर ठेवून, स्वयंपाकघरातच उभं राहून पाहिलं. डॉक्टरिणीने नुसता वास घेऊनच मान हलवली. वाईट होती, पण ती नव्हे.

"काय फरक पडतोय?" डॉक्टर चक्रावले. "वेळ तर तेवढाच दिला."

"तुम्ही घड्याळाकडे बघत उभे होतात ना," बाई म्हणाल्या. "भावोजी कुठे बघायचे घड्याळाकडे?"

रविवारी ताई लवकर आल्या. गुडघ्याची तक्रार सांगितली नाही. डॉक्टरांनी पूड भरली, दांडा वर उचलला आणि बाहेर गेले. ताईंसमोर जाऊन उभे राहिले, आणि त्यांच्या लक्षात आलं की बोलायला काहीच आणलेलं नाही.

"काय झालं?" ताईंनी विचारलं.

"ताई," डॉक्टर म्हणाले, "काल एक गृहस्थ आले. दात दुखतोय म्हणाले. बघतो तर कवळी."

"मग?"

"तरी दुखतोय म्हणाले."

"बसा," ताई म्हणाल्या. "कवळी कोणाची होती?"

आत बाई एकट्याच यंत्रापाशी होत्या. दांडा वर, कपात काळं टपकायला लागलेलं. एव्हाना त्यांनाही सगळं कळत होतं. आत्ता दाबला, तर अजून चांगली उतरली असती. त्यांचा हात दांड्यापर्यंत गेलाही. तेवढ्यात बाहेरून ताईंचं हसणं ऐकू आलं, आणि पाठोपाठ, "थांबा, थांबा, मग त्यांच्या बायकोने काय घातलं होतं?"

बाईंनी हात मागे घेतला, स्टूल ओढलं आणि कॉफी पुरेशी वाईट होईपर्यंत शांतपणे बसून राहिल्या.